गटार कोणाचं? त्रिनिदादमध्ये सरकारी कामाचा लेखी पाठपुरावा

त्रिनिदादमध्ये एखादं सरकारी काम अडलं की चहूबाजूंनी एकच सल्ला मिळतो: तिथे तुझा कुणी कॉन्टॅक्ट आहे का बघ. ड्रायव्हिंग परमिट असो, जन्मदाखला असो, नळाचं पाणी असो की सरकारी हॉस्पिटलातली स्कॅनची तारीख. आणि कॉन्टॅक्ट असला की काम होतंही. देश लहान आहे. कॅरिबियनमधली त्रिनिदाद आणि टोबॅगो ही दोन बेटं मिळून लोकसंख्या १४ लाखांच्या आसपास, त्यामुळे कुणाची तरी आत्या, कुणाचा तरी शाळासोबती प्रत्येक ऑफिसात सापडतोच.

मी हा वशिल्याचा रस्ता धरत नाही आणि तुम्हीही धरू नका, असं मला कळकळीनं सांगायचं आहे. वशिल्यानं झालेलं काम उपकार म्हणून होतं, आणि ज्यांचा कुणीच ओळखीचा नाही त्यांची पाळी तेवढी मागे जाते. आमच्या गल्लीच्या टोकाला ऐंशी ओलांडलेल्या आजी एकट्या राहतात. इथल्या भारतीय वंशाच्या घरांतही वडिलांच्या आईला आजीच म्हणतात. त्यांच्या फाटकासमोरची मोरी, म्हणजे रस्त्याखालून जाणारा पाण्याचा पाइप, खचला होता. जून उजाडून पावसाळा लागला की डिसेंबरपर्यंत त्यांच्या अंगणात गुडघाभर पाणी. आजी सरकारी ऑफिसात फोन करायच्या, पलीकडची बाई गोड बोलायची, 'माणसं पाठवतो' म्हणायची, आणि आजी समाधानानं फोन ठेवायच्या. त्या फोनची नोंद कुठेच होत नव्हती. सगळं दुखणं तिथे होतं.

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन इथे आले, मध्य त्रिनिदादमध्ये राहते आणि एका लहान कंपनीचे हिशेब लिहिते. कागद, तारीख, पोच यांच्याशी रोजचा संबंध असल्यामुळे आजींचं प्रकरण मी हातात घेतलं, पुढे शेजाऱ्यांचीही घेतली. त्यातून जी रीत बसली ती खाली लिहिते. पॉइंट लिसासच्या कारखान्यांत, सेंट ऑगस्टिनच्या विद्यापीठात किंवा हॉस्पिटलांत नोकरीला आलेल्या आपल्या माणसांना ती लगेच वापरता येईल.

आधी मालक शोधा

इथल्या निम्म्या तक्रारी मरतात त्या चुकीच्या दारात टाकल्यामुळे. अधिकारी 'हे आमचं नाही' म्हणतो, बऱ्याचदा ते खरंही असतं, पण मग कुणाचं ते सांगत नाही. म्हणून पत्र लिहायच्या आधी या प्रश्नावर वेळ घालवा.

त्रिनिदाद बेटावर १४ महापालिका आणि विभागीय कॉर्पोरेशनं आहेत. गल्लीबोळातले रस्ते, त्यांच्या कडेची लहान गटारं, कचरा, बाजार, मैदानं, दफनभूमी हे त्यांचं काम. मोठे रस्ते आणि महामार्ग बांधकाम मंत्रालयाच्या हायवेज डिव्हिजनकडे. नद्या आणि मोठे नाले त्याच मंत्रालयाच्या ड्रेनेज डिव्हिजनकडे. सरकारी वसाहत असेल तर हाउसिंग डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे एचडीसी. पाण्याचा आणि सांडपाण्याचा पाइप असेल तर वासा, म्हणजे सरकारी पाणी आणि सांडपाणी संस्था. विजेचा खांब असेल तर टीअँडटेक, म्हणजे सरकारी वीज कंपनी. खांबावर क्रमांक असतो, तो टिपून घ्या, तोच तुमच्या तक्रारीचा पत्ता. टोबॅगोत राहत असाल तर यातलं बरंचसं टोबॅगो हाउस ऑफ असेंब्लीकडे जातं.

कागदावर हे स्वच्छ दिसतं. जमिनीवर एकच पाणी तीन खात्यांतून वाहतं. गल्लीतलं गटार कॉर्पोरेशनचं, ते मोठ्या रस्त्याखालून जातं तिथली मोरी हायवेजची, पुढे ज्या नाल्याला मिळतं तो ड्रेनेजचा. नाला गाळानं भरला की गटार तुंबतं, आणि कॉर्पोरेशनची माणसं प्रामाणिकपणे गटार साफ करून गेली तरी पुढच्या सरीला पाणी परत उलटतं. त्यातच एखाद्या खाजगी बिल्डरनं प्लॉट पाडून विकलेले असतात आणि आतले रस्ते, गटारं कॉर्पोरेशनच्या ताब्यात कधी दिलेलीच नसतात. अशा वसाहतीतल्या लोकांचे हाल मी जवळून पाहिले आहेत. कर भरणारे, मतं देणारे लोक, पण त्यांचा रस्ता कुणाच्याच वहीत नाही.

पाण्याच्या मार्गाकडे दुर्लक्ष केलं की काय होतं ते २०१८ च्या ऑक्टोबरात साऱ्या देशानं पाहिलं. ला ओर्केटाजवळची ग्रीनव्हेल पार्क ही एचडीसीची वसाहत पाण्याखाली गेली, माणसांना छपरांवर चढावं लागलं. त्या दिवसांतली चित्रं आठवली की 'गटार कोणाचं' हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही.

मालक शोधायचा कसा? गल्लीतल्या जुन्या माणसाला विचारा की शेवटचं डांबर कुणी टाकलं होतं, गाडीवर कुठल्या खात्याचं नाव होतं. आपल्या भागाच्या कौन्सिलरला विचारा. कॉर्पोरेशनच्या ऑफिसात लेखी विचारा: ही मोरी तुमच्या यादीत आहे का, नसल्यास कुणाकडे आहे. एवढं करूनही खात्री होत नसेल तर एकच पत्र दोन्ही खात्यांच्या नावे लिहा, आणि दुसऱ्याचंही नाव प्रत्येकाला दिसेल असं वर ठेवा. मग टोलवाटोलवी करायची झाली तर ती त्यांना आपसात करावी लागते.

आणखी एक दार लोक विसरतात. साचलेल्या पाण्यात डास होतात, आणि डेंग्यूचा डास या बेटावर कायमचा वस्तीला आहे. २०२४ मध्ये इथे डेंग्यूची मोठी साथ येऊन गेली. तेव्हा तुंबलेल्या गटाराची तक्रार सार्वजनिक आरोग्याची म्हणूनही करता येते. कॉर्पोरेशनचे पब्लिक हेल्थ इन्स्पेक्टर आणि आरोग्य मंत्रालयाचा इन्सेक्ट व्हेक्टर कंट्रोल विभाग, दोघांनाही प्रत पाठवा. ती माणसं निदान येऊन बघतात, आणि त्यांनी येऊन पाहिल्याची नोंद तुमच्या प्रकरणात जमा होते.

पत्र

एक पान. त्याहून मोठं नको. कितीही राग आलेला असला तरी पहिल्या परिच्छेदात फक्त वस्तुस्थिती: काय मोडलं आहे, नेमकं कुठे, केव्हापासून, त्यामुळे कुणाला काय त्रास होतो. जागा सांगताना घरक्रमांकावर विसंबू नका, कारण बऱ्याच गावांत ते सलग नसतात आणि काही घरांना नसतातच. रस्त्याचं नाव, जवळचा विजेच्या खांबाचा क्रमांक, जवळची शाळा, देऊळ किंवा मशीद, असं लिहा.

दुसऱ्या परिच्छेदात आधी केलेल्या तक्रारी: कुठल्या तारखेला, कुणाशी बोललात, काय उत्तर मिळालं. वासा आणि टीअँडटेककडे फोनवर तक्रार केली तर संदर्भ क्रमांक मागून घ्या आणि तो इथे घाला. तिसऱ्यात एकच मागणी, आणि तिला मुदत. 'लवकरात लवकर' असं कधीही लिहू नका, तारीख लिहा. सोबत दोन फोटो पुरेत, एक कोरडा आणि एक पावसातला, मागे तारीख घातलेले.

पत्र कुणाच्या नावे हे महत्त्वाचं. कॉर्पोरेशनला लिहिताना चीफ एक्झिक्युटिव्ह ऑफिसरच्या नावे लिहा. प्रशासन त्यांच्या हातात असतं, आणि निवडणूक झाली तरी ते पद तिथेच राहतं. प्रत चेअरमन किंवा मेयरला आणि कौन्सिलरला. मंत्रालयाला लिहिताना पर्मनंट सेक्रेटरीच्या नावे. मंत्र्याच्या नावे लिहायचा मोह होतो, पण फाइल सेक्रेटरीच्या टेबलावरून हलते.

शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. मात्र सह्यांचा अर्ज एक आणि नावानिशी पाठपुरावा करणारं माणूस एक, हे आधी ठरवा. सगळ्यांचं काम कुणाचंच नसतं. आजींच्या प्रकरणात नाव आणि सही आजींची होती, लिखाण माझं. त्या म्हणाल्या, 'बेटी, घर माझं आहे, तर नावही माझंच राहू दे.' ते मला फार योग्य वाटलं.

खिडकीवर

पत्र स्वतः नेऊन द्या. दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर पोच: तारखेचा शिक्का, घेणाऱ्याचं नाव आणि सही. शिक्का द्यायला कुणी नाराज दिसलं तर शांतपणे थांबा. पोच न घेता दिलेलं पत्र पुढे कुठेही उपयोगी पडत नाही, म्हणून या एका बाबतीत मी मुळीच ढिली पडत नाही. जाणं शक्यच नसेल तर टीटीपोस्टनं रजिस्टर्ड पाठवा आणि पावती जपा.

नव्यानं आलेल्यांसाठी दोन-तीन गोष्टी. आत शिरताना मोठ्यानं 'गुड मॉर्निंग' म्हणा. रांगेतल्या लोकांसह सगळ्यांना. इथे ही साधी रीत आहे आणि ती न पाळणाऱ्याला उद्धट समजतात, मग तुमचं काम कितीही रास्त असो. बिनबाह्यांचा ब्लाउज, हाफ पँट, स्लिपर घालून आलेल्यांना पूर्वी बऱ्याच सरकारी ऑफिसांच्या दारावरूनच परत पाठवायचे. बाहेर तशी पाटीच लावलेली असायची. ओळखीची दोन कागदपत्रं आणि पत्त्याचा पुरावा म्हणून अलीकडचं पाण्याचं किंवा विजेचं बिल जवळ ठेवा. बिल सासऱ्यांच्या किंवा घरमालकाच्या नावे असेल तर त्यांचं संमतिपत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत. या एका कागदापायी माणसं अर्धा दिवस फुकट घालवून परततात.

खिडकीपलीकडची व्यक्ती बहुतेक वेळा तुमच्याइतकीच गांजलेली असते. सिस्टिम डाऊन असते, साहेब बैठकीला गेलेले असतात, आणि तिला निर्णयाचा अधिकार नसतो. तिच्यावर ओरडून काहीच साधत नाही. तिचं नाव विचारा, आभार माना, आणि घरी येऊन ते वहीत लिहा.

वही लागतेच. एका प्रकरणाला एक वही, त्यात तारीख, कुणाशी बोललं, काय म्हणाले. फोनवर बोलणं झालं तर त्याच दिवशी दोन ओळींची ईमेल पाठवा: आज आपलं असं बोलणं झालं, आपण अमुक म्हणालात, माझ्या समजुतीत चूक असल्यास कळवा. तोंडी शब्दाला लेखी रूप द्यायचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

सरकारचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. ऑगस्ट-सप्टेंबरात गेलात तर 'पैसे संपले' हे उत्तर मिळतं आणि ते बहुधा खरं असतं. मोठं काम, म्हणजे नवी मोरी, नवं गटार, हवं असेल तर वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच लेखी मागणी द्या, म्हणजे पुढच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव होताना ती टेबलावर असेल. कार्निव्हलच्या आधीच्या आठवड्यात मात्र कसलीच अपेक्षा ठेवू नका.

तीस दिवसांचा कायदा

पत्राला उत्तर आलं नाही, किंवा 'काम विचाराधीन आहे' असं भिजत घोंगडं हाती आलं, की मी फ्रीडम ऑफ इन्फर्मेशनचा अर्ज टाकते. हा कायदा इथे १९९९ मध्ये झाला, म्हणजे आपल्या माहिती अधिकाराच्या आधी. त्यात 'प्रत्येक व्यक्ती' असे शब्द आहेत, त्यामुळे तुम्ही नागरिक नसलात, कामाच्या परवान्यावर राहत असलात तरी अर्ज करू शकता. अर्जाला फी नाही; प्रतींचे पैसे घेतात. सरकारी संस्थेला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात.

ही मुदत टिकली आहे ती लोकांमुळे. २०१९ मध्ये सरकारनं एका विधेयकात ती ९० दिवसांवर न्यायचं कलम घातलं होतं. पत्रकार, वकील, नागरिकांच्या संघटना सगळ्यांनी आवाज उठवला आणि ते कलम मागे घ्यावं लागलं. कायदा वापरणारे लोक होते म्हणून तो वाचला. वापरत राहण्याला माझ्या लेखी याहून मोठं कारण नाही.

अर्जाचा ठरलेला नमुना आहे, तो कार्यालयात मिळतो. प्रत्येक संस्थेत या कामासाठी नेमलेला अधिकारी असतो, त्याचं पद विचारून अर्ज त्याच्या नावे द्या. पोच इथेही घ्यायचीच, कारण ३० दिवस त्या शिक्क्यापासून मोजायचे आहेत.

आता यातली कळीची गोष्ट. हा कायदा कागद देतो, प्रश्नांची उत्तरं देत नाही. 'मोरी अजून का दुरुस्त झाली नाही?' असा अर्ज केलात तर त्यांना देण्यासारखं काही नसतं आणि ते तसं कळवून मोकळे होतात. म्हणून नेहमी कागद मागा, आणि असा कागद मागा जो त्यांच्याकडे असलाच पाहिजे. आजींच्या मोरीसाठी आम्ही मागितलं ते असं: अमुक रस्त्याबद्दल गेल्या दोन आर्थिक वर्षांत आलेल्या तक्रारींच्या नोंदी, त्या रस्त्याच्या पाहणीचा अहवाल असल्यास त्याची प्रत, त्या रस्त्यासाठी निघालेले कामाचे आदेश, आणि या विषयावर दुसऱ्या कुठल्याही खात्याशी झालेला पत्रव्यवहार.

हे शेवटचं कलम मी अंदाजानं घातलं होतं, आणि त्यातच उत्तर निघालं. मिळालेल्या प्रतींमध्ये एक जुनं पत्र होतं. पाहणी झाली होती, मोरी आपली नाही असं इंजिनियरनं लिहिलं होतं, आणि ज्या खात्याची होती त्यांना तसं कळवलंही होतं. त्या खात्यानं उत्तर दिलं नाही, यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मधल्या काळात आजी भाबडेपणानं फोन करत राहिल्या. ते पत्र हातात आल्यावर आम्ही त्याची प्रत जोडून दुसऱ्या खात्याला लिहिलं. आता 'आमचं नाही' म्हणायला जागाच उरली नव्हती. मोरी बदलली गेली. खणलेल्या जागी डांबर मात्र नीट बसवलं नाही, तिथे गाडी अजून आदळते, आणि त्या पट्ट्यासाठी नवी वही चालू आहे.

काम झाल्याचं दाखवून पैसे उचलल्याचा संशय असेल तर आणखी कागद आहेत: कंत्राट, दर, बिल, काम पूर्ण झाल्याचा दाखला. सार्वजनिक खरेदीचा नवा कायदा २०१५ मध्ये मंजूर झाला, पण तो पूर्णपणे अमलात यायला एप्रिल २०२३ उजाडावं लागलं. आता ऑफिस ऑफ प्रोक्युअरमेंट रेग्युलेशन हे स्वतंत्र कार्यालय आहे, तिथे खरेदी आणि कंत्राटांबद्दल तक्रार करता येते. अशा प्रकरणात पुरावा हातात असल्याशिवाय कुणाचंही नाव घेऊ नका, गल्लीतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही नाही.

काही कागद मिळत नाहीत: मंत्रिमंडळाचे, संरक्षणाचे, कायदेशीर सल्ल्याचे, दुसऱ्याच्या खाजगी आयुष्याचे. नकार दिला तर त्यांनी तो लेखी आणि कारणासह द्यायचा असतो. मागणी फार मोठी आहे असं म्हणाले तर ती आटोपशीर करायला त्यांनीच तुम्हाला मदत करायची असते. तेव्हा तसं म्हणाले की हसून पेन पुढे करा आणि म्हणा, 'मग आपण दोघं मिळून नीट लिहूया.'

नकार आला, किंवा काहीच आलं नाही

आपल्याकडच्यासारखा माहिती आयोग इथे नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. दोन वाटा आहेत. माहितीचा अर्ज नाकारल्याची सूचना मिळाल्यापासून २१ दिवसांच्या आत ऑम्बुड्समनकडे, म्हणजे सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, लेखी तक्रार करता येते. किंवा हायकोर्टात ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे सरकारी निर्णय कायद्याला धरून आहे का याची कोर्टाकडून तपासणी.

ऑम्बुड्समन हे पद १९७६ च्या राज्यघटनेनं निर्माण केलं. माहितीच्या अर्जापुरतंच नव्हे, एकूणच सरकारी खात्यांच्या दिरंगाईबद्दल, अन्यायाबद्दल तिथे जाता येतं. पेन्शन अडली, दाखला मिळेना, पत्रांना उत्तर नाही, असं काहीही. एक पैसा लागत नाही, वकील लागत नाही. तक्रार लेखी हवी, आणि घटना कळल्यापासून १२ महिन्यांच्या आत. त्यांना खात्याकडून फाइल मागवता येते, अधिकाऱ्यांना बोलावता येतं. शेवटी ते शिफारस करतात, हुकूम देऊ शकत नाहीत. म्हणून पुष्कळ लोक 'त्याचा काय उपयोग' म्हणून जातच नाहीत. माझं मत वेगळं आहे. घटनात्मक पदावरच्या माणसाचं पत्र टेबलावर आलं की जी फाइल सापडत नव्हती ती सापडते, हे मी पाहिलं आहे. मात्र तुमची पोच घेतलेली पत्रं सोबत जोडलेली असली पाहिजेत.

पाणी आणि वीज यांच्यासाठी वेगळी संस्था आहे, रेग्युलेटेड इंडस्ट्रीज कमिशन. वासा आणि टीअँडटेक तिच्या नियमनाखाली येतात. आधी कंपनीकडे तक्रार, तिथे समाधान झालं नाही तर कमिशनकडे. वीजपुरवठ्यासाठी कमिशननं सेवेची किमान मानकं ठरवलेली आहेत आणि काही मानकं मोडली तर ग्राहकाला भरपाई मिळते. बिलाच्या मागच्या बाजूला न बघता कमिशनकडून ती यादी मागून घ्या. पाण्याच्या बाबतीत गोष्ट अवघड आहे. इथे असंख्य घरांना ठरलेल्या वारीच पाणी येतं, म्हणून तर प्रत्येक छपराशेजारी काळी टाकी दिसते. तेव्हा तक्रार करताना 'पाणी नाही' एवढंच लिहू नका. तुमच्या भागाचं जाहीर वेळापत्रक काय आणि प्रत्यक्षात कुठल्या तारखांना पाणी आलं, हे दोन रकाने करून द्या. ठरलेलं वेळापत्रक पाळलं गेलं नाही हे दाखवता आलं की बोलणं ठोस होतं. पोलिसांच्या वागणुकीसाठी पोलीस कम्प्लेंट्स अथॉरिटी ही स्वतंत्र संस्था आहे, तिथेही लेखी तपशील लागतो.

कौन्सिलर, खासदार आणि टायर

कौन्सिलरची मदत घ्यावी, पण पत्राच्या जागी नव्हे, पत्रासोबत. कॉर्पोरेशनच्या कौन्सिलची बैठक दर महिन्याला होते, नागरिकांना बसून ऐकता येतं. दिवस आणि वेळ फोन करून विचारा. तुमच्या पत्राची तारीख कौन्सिलरनं बैठकीत वाचली की ती इतिवृत्तात येते. खासदाराचं मतदारसंघातलं ऑफिसही असंच वापरा. तिथे जाताना कुठल्या पक्षाचे लाल की पिवळे कपडे अंगावर आहेत याचा विचार करावा लागतो, हे मला मनापासून खटकतं. गटार कुठल्याच पक्षाचं नसतं, आणि खासदार निवडून आल्यावर सगळ्यांचा असतो. हे तिथल्या सेक्रेटरीला मी आदरानं, पण स्पष्टपणे सांगितलेलं आहे.

रस्त्यावर टायर आणि झाडाच्या फांद्या जाळून रस्ता अडवायची पद्धत इथे जुनी आहे. टीव्हीचे कॅमेरे येतात, कधीकधी संध्याकाळपर्यंत पाण्याची गाडीही येते. त्या लोकांची चीड मला पूर्ण समजते. महिनोन् महिने कुणी दाद दिलेली नसते. तरीही मी त्यात जात नाही. त्या रस्त्यावर डायलिसिसला निघालेलं कुणीतरी अडकलेलं असतं, आणि गाडी परत गेली की मागे नोंद काहीच राहत नाही. वर्तमानपत्राला पत्र लिहिणं मला जास्त पटतं. पोच घेतलेल्या पत्रांच्या तारखा त्यात घातल्या तर ते छापूनही येतं.

कोर्ट

ज्युडिशियल रिव्ह्यूसाठी वकील लागतो. अर्ज विनाविलंब आणि तीन महिन्यांच्या आत करायचा असतो, म्हणून 'अजून थोडं थांबूया' असं म्हणत ही मुदत घालवू नका. वकिलाची पहिली नोटीस गेल्यावरच बरीच प्रकरणं मिटतात. ऐपत नसेल तर लीगल एड अँड अ‍ॅडव्हायझरी अथॉरिटीकडे चौकशी करा. शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं, जरी कॅरिबियन देशांचं स्वतःचं कॅरिबियन कोर्ट ऑफ जस्टिस इथल्याच राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये आहे.

एकट्या माणसानं तिथवर जाऊन काय होतं, याचं ताजं उदाहरण आहे. २०२२ मध्ये सरकारनं त्या वेळच्या कौन्सिलरांची मुदत तीन वर्षांवरून चार वर्षांवर नेली आणि स्थानिक निवडणूक पुढे ढकलली. एका कार्यकर्त्यानं त्याला आव्हान दिलं. इथल्या कोर्टांत तो हरला, पण मे २०२३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं निकाल दिला की लोकांनी तीन वर्षांसाठी निवडलेल्यांची मुदत अशी मागाहून वाढवता येत नाही. त्याच वर्षी १४ ऑगस्टला निवडणूक झाली.

दुसऱ्या कॅरिबियन देशांत असलेल्यांसाठी थोडक्यात: जमैकात माहितीचा कायदा २००२ चा आहे, मुदत तिथेही ३० दिवसांची, आणि नकारावर आधी खात्यातच फेरविचार, मग अपील ट्रायब्युनल. बेलीझचा कायदा या सगळ्यांत जुना, १९९४ चा. गयानात २०११ च्या कायद्यानुसार अर्ज माहिती आयुक्तांकडे जातो, तेव्हा पोचही त्यांच्याच कार्यालयातून घ्यायची.